वडिलांचे ‘थांब’ आणि देवावरचा भरवसा

धुऱ्यावरून (ता. आर्वी, जि. वर्धा)

सर्व सभासदांना नमस्कार.

मृग लागायला आता थोडेच दिवस उरले आहेत. कृषी केंद्रांपुढे बियाण्यांसाठी गर्दी सुरू झाली आहे, आणि आमच्या भागात जवळजवळ प्रत्येक घरी रात्रीच्या जेवणावर एकच वाद चाललेला असतो. मुलगा म्हणतो की यंदा अंदाज चांगला आहे, पेरून मोकळे होऊ. आणि वडील म्हणतात, थांब. या वादात मी बहुतेक वेळा वडिलांच्या बाजूने असतो. तसा का असतो, हे नीट मांडावे म्हणून हा धागा काढला आहे. विषय पेरणीपासून सुरू होत असला तरी तो पेरणीपुरता नाही. वडिलांच्या शहाणपणावर आणि देवावर रोजच्या जगण्यात कितपत विसंबावे, हा मूळ प्रश्न आहे.

माझे निरीक्षण असे आहे की आपल्या वडीलधाऱ्यांचे बहुतेक सल्ले ‘हे कर’ असे नसतातच. ते ‘एवढ्यात नको’ असे असतात. ओल खोल गेल्याशिवाय पेरू नको. वारा सुटला असताना आणि उपाशीपोटी फवारू नको. दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहू नको. लग्नाच्या खर्चासाठी वावर गहाण टाकू नको. डोके तापलेले असताना धुऱ्याच्या (बांधाच्या) भांडणात पडू नको. तरुणपणी हे सारे भित्रेपणाचे वाटते, कारण जे नुकसान टळले ते कोणत्याच वहीत लिहिले जात नाही. फवारणीचेच पाहा. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांची विषबाधा होऊन शेतकऱ्यांचे आणि शेतमजुरांचे जीव गेले, तेव्हा वाऱ्याची दिशा पाहणे, तोंड-नाक बांधणे, उपाशीपोटी पंप पाठीवर न घेणे या साध्या गोष्टी अधिकारी गावोगाव येऊन समजावू लागले. त्यांतल्या कितीतरी गोष्टी घरातला म्हातारा माणूस ओट्यावर बसून वर्षानुवर्षे सांगत होता.

माझे वडील पेरणी कशी ठरवतात, ते सांगतो. पहिला मोठा पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी ते वावरात जातात, आणि वरचा उंचवटा, मधला पट्टा व नाल्याकडचा सखल भाग अशा तीन ठिकाणी खुरप्याने वीतभर खोल खोदतात. वरची माती बाजूला सारून तळची माती मुठीत घेतात आणि दाबतात. गोळा झाला, तर त्यावर अंगठा रोवून पाहतात. गोळा लगेच भुगा होऊन सुटला की ते हात धोतराला पुसतात, खुरपे काखेत मारतात आणि काही न बोलता घरी येतात. आईने विचारलेच तर एवढेच म्हणतात, “वरून ओली हाय, खालून कोरडीच हाय. जमिनीची वाफ निघू दे, मंग पाहू.”

कृषी विद्यापीठ सांगते की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये. कारणही सरळ आहे. आपली काळी भारी जमीन उन्हाळ्यात तडकते, तिला खोल भेगा पडतात आणि पहिल्या सरींचे पुष्कळसे पाणी त्या भेगांतच उतरते. वरची दोन बोटे माती भिजलेली दिसते, तेवढ्या ओलीवर बी उगवूनही येते. पण मग आठ-दहा दिवसांची उघडीप पडली की कोंब जागेवरच करपतात. दुबार पेरणीत बियाणे, खत आणि मजुरी पुन्हा लागते, आणि बहुतेक घरांत ती उसन्या पैशाचीच असते. माझ्या वडिलांनी मिलिमीटर कधी मोजले नाहीत, पण त्यांच्या मुठीतला गोळा आणि विद्यापीठाचा आकडा एकच गोष्ट सांगतात. नक्षत्रांचेही तसेच आहे. सूर्य एका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस असतो, म्हणून मृग दरवर्षी ७ किंवा ८ जूनलाच लागतो. ज्यांच्याकडे छापील दिनदर्शिका नव्हती, त्यांनी ही गणना पिढ्यानपिढ्या तोंडपाठ ठेवली होती.

आता देवाविषयी. पेरणीच्या दिवशी वडील तिफणीला हळदकुंकू वाहतात, नारळ फोडतात, पहिली मूठ मातीत सोडतात आणि म्हणतात, “माह्यं काम झालं, आता तुह्यं.” मला यात फार मोठी समज दिसते. स्वतःचे काम झाल्याशिवाय ते हे वाक्य उच्चारत नाहीत. वखरणी झालेली असते, बियाण्याची उगवण तपासलेली असते, ओल पाहिलेली असते. त्यानंतर जे उरते, म्हणजे पाऊस, वारा आणि उघडीप, ते माणसाच्या हाती नसते, आणि ते देवाच्या हाती आहे असे मानून ते रात्री शांत झोपतात. मी मात्र तासातासाला मोबाईलवर ढगांचे चित्र पाहतो, आणि त्या पाहण्याने एक थेंबही जास्त पडत नाही.

आपापल्या घरचे अनुभव लिहावेत. ज्यांना हे पटत नाही, त्यांनी तर आवर्जून लिहावे.

---

वरुडची आंबिया (ता. वरुड, जि. अमरावती)

भाऊ, ‘थांब’विषयीचे तुमचे म्हणणे आम्हा संत्रावाल्यांना लगेच कळेल. संत्र्याचा आंबिया बहार धरायचा असेल, तर हिवाळ्यात झाडाचे पाणी तोडावे लागते. त्यालाच आम्ही ताण देणे म्हणतो. विहिरीत पाणी असते, मोटार चालू असते, आणि तरीही बाग कोरडी ठेवायची असते. पाने मलूल होऊन पिवळसर पडू लागतात, काही गळतात, आणि नवख्या माणसाचा जीव खालीवर होतो. त्या वेळी वडील मोटारीच्या पेटीची किल्ली स्वतःच्या कडदोऱ्याला बांधून ठेवत असत. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, भारी जमिनीत वेळ लागतो, आणि किती ताणायचे हे प्रत्येक बागेत निराळे असते. पुस्तकात त्याचे दिवस दिलेले आहेत, पण नेमक्या कोणत्या दिवशी पाणी सोडायचे हे वडील पान हातात धरून ठरवत. ताण पुरा बसला नाही, तर झाड फुलण्याऐवजी नुसती पालवी काढते.

मला पाणी देण्यापेक्षा पाणी न देणेच अवघड जाते. देवाकडे मागितलेली गोष्ट लवकर मिळाली नाही की मी हल्ली बागेचा विचार करतो. देणाऱ्याला झाडाची स्थिती आपल्यापेक्षा जास्त कळत असावी, असे मनापासून वाटते.

---

सरकी (ता. राळेगाव, जि. यवतमाळ)

मला पूर्ण पटत नाही, म्हणून तुमच्या आग्रहावरून लिहितो.

तुमच्या वडिलांच्या मुठीला माझा नमस्कार आहे. पण वडिलांचा अनुभव ज्या परिस्थितीत तयार झाला, ती परिस्थिती बदलली की तोच अनुभव घात करतो. आमच्याकडे फरदडीचे उदाहरण घ्या. दिवाळीनंतर कापसाच्या वेचण्या संपत आल्या की एक-दोन पाणी द्यायचे, थोडा युरिया टाकायचा आणि त्याच पऱ्हाटीवर (कापसाच्या झाडांवर) मार्चपर्यंत आणखी कापूस घ्यायचा, ही माझ्या वडिलांची रीत. नवे बियाणे नाही, नवी पेरणी नाही आणि हाती पैसा येतो. ती रीत बरीच वर्षे फायद्याची होती, हे मी नाकारत नाही. मात्र २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भाचा कापूस पोखरला. ही अळी मुख्यतः कापसावरच जगते, आणि बोंडाच्या आत शिरली की फवारा तिच्यापर्यंत पोहोचत नाही. फरदड ठेवणे म्हणजे तिला पुढच्या हंगामापर्यंत घर आणि अन्न दोन्ही पुरवणे होय. डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटून काही महिने शेत कापसाविना ठेवावे, असे तज्ज्ञ सांगतात. वडील म्हणतात, “आमी जलमभर घेतली, काई झालं नाई.”

येथे मी कोणावर विश्वास ठेवावा? आणि वडिलांचा शब्द देवाच्या शब्दाच्या शेजारी ठेवला, तर त्यांना चुकलात असे सांगायचे तरी कसे?

---

धुऱ्यावरून

भाऊ, प्रश्न नेमका आहे.

फरदडीच्या बाबतीत तुम्ही बरोबर आहात, आणि पऱ्हाटी वेळेवर निघाली पाहिजे. मात्र एक गोष्ट तुमच्या वडिलांशी बोलताना उपयोगी पडेल. त्यांच्याही वडिलांच्या काळी, ओलिताची सोय नसताना, शेवटची वेचणी झाली की वावर शेळ्या-मेंढ्यांना मोकळे करत. जनावरे उरलेली पाने, पात्या आणि किडकी बोंडे खाऊन टाकत, मेंढपाळाचा कळप रात्री वावरात बसे आणि जमिनीला खत मिळे. आज बोंडअळीसाठी कृषी विभाग हेच सांगतो, की वेचणीनंतर शेतात जनावरे चारा. म्हणजे फरदड ही काही आपली मूळ परंपरा नव्हे. पाणी आणि भाव हाती आल्यावर मधल्या पिढीने धरलेली ती वाट आहे. वडिलांना त्यांच्या वडिलांची आठवण करून द्या. “तुमचे चुकले” या वाक्याने जे होत नाही, ते “आजोबा काय करत होते?” या प्रश्नाने पुष्कळदा होते.

दुसरा प्रश्न मोठा आहे. मी वडिलांना देवाच्या जागी ठेवत नाही, आणि कोणी ठेवूही नये. उलट, वडिलांवर विसंबता येते त्याचे एक कारण हेच आहे, की ते स्वतः कोणापुढे तरी वाकतात. जो माणूस मारुतीच्या पारावर डोके टेकवून “मला सारे कळत नाही” असे रोज कबूल करतो, त्याला घरात प्रश्न विचारता येतो. जो कोणापुढेच वाकत नाही, त्याच्या सल्ल्याची मलाही भीती वाटते.

---

जुने मास्तर (ता. मूर्तिजापूर, जि. अकोला)

चर्चा चांगल्या वळणावर आली आहे, म्हणून गाडगेबाबांचे नाव घेतो. त्यांचे बालपण आमच्या तालुक्यातील दापुरे या गावी, मामाच्या घरी गेले.

बाबांचा जन्म १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचा. वडील झिंगराजी दारूच्या व्यसनात गेले, आणि लहानग्या डेबूला (हे बाबांचे बालपणीचे नाव) घेऊन आई माहेरी आली. मामाकडे गुरे राखणे आणि शेतात राबणे हेच त्यांचे शिक्षण झाले. पुढे त्यांच्या मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू आणि मटणाचे जेवण घालावे, असा भाऊबंदांचा आग्रह होता. त्यांनी तो मोडला आणि गोडाधोडाचे जेवण घातले. वडिलांच्या वाटेने न जाणे हाच तेथे वडिलांकडून घेतलेला धडा होता. ज्यांच्या घरी आदर्श वडील नव्हते, त्यांनी या चर्चेतून उठून जाण्याचे कारण नाही.

आणि देवावरचा भरवसा म्हणाल, तर बाबा कीर्तनात लोकांना सांगत की कर्ज काढून सण करू नका, देवाला बकरे कापू नका, मुलांना शाळेत घाला, भुकेल्याला अन्न द्या. त्यांनी ठिकठिकाणी धर्मशाळा बांधल्या, स्वतःच्या हाताने गावे झाडली आणि स्वतःसाठी काही राखले नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे त्यांनी देह ठेवला. देवावर त्यांचा भरवसा नव्हता असे कोण म्हणेल? पण त्यांनी देवाला कामाला लावले नाही, स्वतःला लावले.

शाळेत मुलांना हे शिकवताना मला नेहमी वाटे, की डेबूला खरा बाप मामाच्या शेतातल्या कष्टात सापडला असावा. हे माझे मत आहे, चरित्रात लिहिलेले नाही.

---

सातबारा (ता. चिखली, जि. बुलढाणा)

मी मुलीच्या बाजूने लिहिते, कारण आतापर्यंतची सारी चर्चा बाप-लेकांची झाली.

आमच्याकडे वडिलांच्या शहाणपणाच्या नावाखाली मुलीला दुय्यम निबंधक कार्यालयात नेऊन हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. “भावाचं मन राख, माहेर तुटू देऊ नको,” असे सांगतात, आणि ती पोर विश्वासाने सही करते. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मापासून मुलाइतकाच हक्क दिला. महाराष्ट्राने तशी दुरुस्ती १९९४ मध्येच केली होती. २००५ साली वडील हयात नसले तरी हा हक्क बाधित होत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. तरीही सही होतेच.

माझ्या वडिलांनी तसे केले नाही. वाटणीच्या दिवशी भावकीतल्या चार माणसांसमोर ते म्हणाले, “पोरीचा हिस्सा पोरीच्याच नावावर राहील. तिले द्यायचा की नाई, हे इचारायचा हक्क मलेबी नाई.” भाऊ काही काळ रुसला, आता बोलतो. म्हणून मला वाटते की वडिलांचे शहाणपण ओळखायची खूण सल्ल्यात नसते. त्या सल्ल्याने कोणाची सोय होते, त्यात असते. ज्या सल्ल्याची झळ सांगणारा स्वतः सोसतो, तो मी डोळे मिटून मानते.

आमच्याच जिल्ह्यात अक्षय तृतीयेला भेंडवळची घटमांडणी होते. घटाभोवती धान्ये मांडून दुसऱ्या दिवशी पीकपाण्याचे भाकीत सांगतात. माझे वडील ते ऐकायला आवडीने जायचे, पण त्यावरून त्यांनी एकही पीक बदलले नाही. देवावर विश्वास ठेवणे आणि देवाकडून आगाऊ उत्तर मागणे, या दोन गोष्टी ते वेगळ्या मानत. मलाही तसेच वाटते.

---

पेढीकाठ (ता. भातकुली, जि. अमरावती)

मी बराच वेळ लिहावे की नाही याचा विचार करत होते.

माझ्या वडिलांनी मी शाळेत असतानाच जीवन संपवले. ते वाईट शेतकरी नव्हते. ओल पाहून पेरत, उधारी वेळेवर फेडत, सायंकाळी सामुदायिक प्रार्थनेला न चुकता बसत. तुकडोजी महाराजांच्या जिल्ह्यात आम्ही लहानाचे मोठे झालो. यावली आणि मोझरी ही नावे घरात रोज निघत. म्हणून ‘आपले काम करावे, पुढचे देवावर सोडावे’ हे वाक्य मला सहज उच्चारता येत नाही. त्यांनी आपले काम केले होते.

मला जे मिळाले ते आईकडून मिळाले. वडील गेल्यावर नातेवाइकांनी वावर विकून टाकण्याचा सल्ला दिला, तेव्हा आई म्हणाली की त्यांनी मला धुरे दाखवले आहेत, कोणत्या तुकड्यात तूर येते आणि कोणत्यात पाणी तुंबते ते दाखवले आहे, मी करते. तिने सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी धरल्या, कारण एक पीक गेले तरी दुसरे हाती राहते, हे वडिलांचेच सांगणे होते. ते सांगणे खरे ठरले. वडिलांचे शहाणपण त्यांच्याबरोबर गेले नाही, एवढे मी खात्रीने सांगू शकते. देवाविषयी मी अजून भांडते आहे. आई म्हणते की भांडण चालू आहे म्हणजे बोलणे चालू आहे.

ज्यांच्या घरात वडील अलीकडे गप्प झाले आहेत, जेवणावरून लवकर उठतात, वही पुन्हापुन्हा उघडतात, त्यांनी कृपया त्यांच्याजवळ जाऊन बसावे. त्यांच्या शहाणपणावर विसंबणे म्हणजे त्यांना सारे एकट्याने पेलू देणे नव्हे. १४४१६ हा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत क्रमांक आहे. त्यावर मराठीत बोलता येते.

---

धुऱ्यावरून

ताई, तुम्ही लिहिलेत याबद्दल आभार. मी माझ्या वडिलांच्या शांत झोपेविषयी लिहिले. ती झोप ज्यांना मिळाली नाही, त्यांची श्रद्धा कमी होती असा अर्थ कोणीही काढू नये. माझा तसा अर्थ मुळीच नाही. कापसाचा भाव, व्याजाचा दर आणि विम्याची रक्कम ही देवाची कामे नव्हेत. ती माणसांची आहेत, आणि त्यांचा जाब माणसांनाच विचारला पाहिजे. पाऊस देवावर सोडता येतो, सावकार सोडता येत नाही.

‘सातबारा’ ताईंनी सांगितलेली खूण मला फार पटली. ‘सरकी’ भाऊंच्या प्रश्नाचे माझ्या उत्तरापेक्षा चांगले उत्तर त्यात आहे.

---

नवी तिफण (ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

सर्वांचे प्रतिसाद वाचले. माझा प्रश्न अगदी आजचा आहे. रोहिणीत आमच्याकडे दोन चांगले पाऊस झाले, शेजारच्यांनी सोयाबीन पेरायला घेतले आणि ट्रॅक्टरवाला उद्याची तारीख देतो आहे. नंतर तो पंधरा दिवस मिळणार नाही. बियाणे घरचेच आहे. बाबा म्हणतात, थांब. मी काय करावे?

---

धुऱ्यावरून

भाऊ, आज उन्हे उतरली की बाबांना बरोबर घेऊन वावरात जा आणि तीन ठिकाणी खोदून पाहा. खोदताना खुरपे त्यांच्या हाती द्या. तुमच्या महसूल मंडळातील पर्जन्यमापकाचा आकडा कृषी सहायकाकडून घ्या. दोन पावसांची बेरीज ७५ च्या खाली असेल तर प्रश्नच मिटला. मृगाच्या आधीच्या पावसानंतर उघडीप पडण्याची भीती जास्त असते, आणि शेजाऱ्याने पेरले हे पेरणीचे कारण होऊ शकत नाही.

बियाणे घरचे आहे, तर तेवढ्या वेळात उगवण तपासून घ्या. ओल्या बारदान्यावर शंभर दाणे ओळीत मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, पाणी शिंपडत राहा आणि पाच-सहा दिवसांनी चांगले कोंब मोजा. सत्तर किंवा त्याहून जास्त निघाले तर नेहमीच्या मापाने पेरा. कमी निघाले तर त्या प्रमाणात बियाणे वाढवा. पोती उचलताना आपटू देऊ नका, सोयाबीनचे टरफल नाजूक असते आणि आतला अंकुर दुखावतो.

ट्रॅक्टरवाल्याची अडचण खरी आहे, ती टाळता येण्यासारखी नाही. आमच्याकडे अशा वेळी चार घरे मिळून एकच तारीख धरतात, म्हणजे तो एका फेरीसाठी परत येतो. नाहीच आला, तर गावात अजून कोणाकडे बैलजोडी आणि तिफण आहे ते बाबांना विचारा, त्यांना माहीत असेल. उगवणीचा आकडा आला की येथेच कळवा.